ऑप्शनला टाकलेले धडे

प्रश्न विचारण्याची इच्छा हा विज्ञानाचा प्राण आहे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सेक्रेटरींनी हे वाक्य उच्चारले तेव्हा पंखे बंद होते, कारण पंख्याखाली समई टिकत नव्हती. मे महिन्यातली अंधेरी होती. समोर बसलेल्या सर्वांच्या मनात त्या क्षणी एकच प्रश्न होता, की हे किती वेळ चालणार आहे. तो मात्र कोणी विचारला नाही.

निमित्त होते 'विज्ञान शंका-निरसन केंद्रा'च्या उद्घाटनाचे. दहावीच्या मुलांचे परीक्षेतल्या एखाद्या प्रश्नापाशी अडले, तर त्यांनी रविवारी सकाळी हॉलमध्ये यावे आणि रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थाने, म्हणजे मी, त्यांची अडचण सोडवावी, अशी योजना होती. मला शाल देण्यात आली. अशा हवेत शाल पांघरून भाषण ऐकणे हा उष्णतेवरचा बरा प्रयोग आहे, पण तो अभ्यासक्रमात नाही.

पहिल्या रविवारी सोसायटीतली चार मुले आली. "काका, आयएमपी काय आहे?" एवढी एकच शंका चौघांना मिळून होती. महत्त्वाचे काय, हे मला ठाऊक नाही असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिले की माझेच निरसन झाले. त्यांना क्लासने छापील प्रश्न आणि छापील उत्तरे दिलेलीच होती. पुढच्या रविवारी कोणी आले नाही. मी हॉलमध्ये बसून वर्तमानपत्र वाचले आणि हॉलला कुलूप लावून घरी आलो.

मग आमच्या गल्लीत मासे घेऊन येणारी मढची कोळीण एकदा दारात थांबली. ती वर्षानुवर्षे येते. बोंबील ताजे आहेत का असे विचारलेले तिला आवडत नाही. त्या दिवशी तिने पापलेट दाखवलेच नाही.

"भाऊ, ते तुमचं शंकेचं चाललंय, ते सगल्यांना हाय का नुसतं बिल्डिंगवाल्यांना?"

तिची मुलगी मार्चमध्ये दहावीला बसली होती. बाकीचे विषय सुटले, विज्ञान राहिले. बोरिवलीच्या एका संस्थेत रक्त-लघवी तपासायला शिकवणारा कोर्स होता. त्यांनी मुलीसाठी जागा धरून ठेवायचे कबूल केले होते, पण पुरवणी परीक्षेच्या निकालापर्यंतच.

"माझी आई बाजारात बसली, मी बसली," ती म्हणाली. "हिला बसवायची नाय. तेवढं पास करून द्या."

सेक्रेटरींचे म्हणणे पडले की केंद्र सभासदांच्या पाल्यांसाठी आहे. मी म्हटले, पाल्यांपैकी कोणी येत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि विशेष बाब म्हणून परवानगी दिली. वार्षिक सभेत दाखवायला एक तरी विद्यार्थी असलेला फोटो त्यांना हवा होता.

मुलगी आली ती पाठ्यपुस्तक, गाइड आणि पाण्याची बाटली घेऊन. उत्तरे झरझर लिहायची, अक्षर स्वच्छ, बोलायला कोणाच्या बापाला घाबरणारी नाही. मला ती 'सर' म्हणू लागली. मी सर नाही, असे सांगून पाहिले. "शिकवता ना? मग सर," ती म्हणाली.

मी उष्णतेचा धडा उघडला. तिने तो मिटला.

"हा ऑप्शनला टाकलाय."

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत 'कोणतेही दोन सोडवा', 'कोणतेही पाच सोडवा' अशी सोय असते. त्यामुळे एखादा धडा मुळीच न वाचता परीक्षेला जाता येते. यालाच ऑप्शनला टाकणे म्हणतात. आमच्या वेळीही मुले टाकायची, पण चोरून. आता त्याला शास्त्राची प्रतिष्ठा आली आहे.

"का टाकला? अवघड जातो?"

"नाय. चांगला येतो. पण मार्चला येऊन गेला ना."

"मग?"

"जे मार्चला आलं ते आता परत नाय येणार. सगळ्यांना माहितीये, सर. आमच्या ग्रुपवर पण टाकलंय."

मार्चमध्ये गुरुत्वाकर्षणावर आले होते, उष्णतेवर आले होते. म्हणून हे दोन्ही धडे बाद. वास्तविक तिला जे थोडेफार मार्क मिळाले होते ते याच दोन धड्यांवर. जे येत होते ते तिने टाकले होते आणि जे येत नव्हते ते घेऊन ती माझ्याकडे आली होती.

मी खिशातून नाणे काढले. उडवले, छापा पडला. म्हटले, आता पुन्हा उडवले तर काटाच पडेल असे आहे का? आधी काय पडले ते नाण्याला कुठे आठवते?

तिने नाण्याकडे नीट पाहिले.

"नाण्याला नाय आठवत, सर. पण पेपर काढणाऱ्या माणसाला आठवतं ना?"

निवृत्तीपूर्वी तीन परिषदांत मी निबंध वाचले आहेत. इतकी नेमकी हरकत तिथे कोणी घेतली नव्हती. मी नाणे खिशात ठेवले. पेपर काढणाऱ्या माणसाविषयी मला खरोखरच काही माहिती नव्हती.

तरी उष्णतेचा धडा मी रेटून घेतला. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याच्या नळ्या का फुटतात, शास्त्रीय कारण लिहा. पाण्याचे बर्फ होताना आकारमान वाढते, ते नळीत मावत नाही, हे मी आकृतीसह सांगितले.

"फुटायला आधी नळीत पाणी पायजे ना?" ती म्हणाली. "तिकडं काय चोवीस तास येतं?"

"येत असावे."

"मग फुटू दे."

ती हसली, उत्तर बरोबर लिहून दाखवले आणि धड्याच्या नावावर पेन्सिलने पुन्हा फुली मारली.

मग आम्ही भिंगांकडे वळलो. मी किरणांचे मार्ग काढले, प्रतिमा उलटी कधी पडते आणि सुलटी कधी, ते घरातला चष्मा आणि भिंग आणून दाखवले. तिला समजले. तोंडावर दिसत होते. मला बरे वाटले. पुढच्या रविवारी येऊन तिने सांगितले की भिंगेही ऑप्शनला टाकली.

"अगं, कळलं होतं ना तुला?"

"कळलं म्हणूनच टाकलं. आधी मला वाटायचं एवढास्साच धडा आहे. तुम्ही समजावलंत तेव्हा कळलं किती मोठा आहे ते."

विद्युतधारेचे तसेच झाले. आवर्ती वर्गीकरणाचे तसेच झाले. मी जितके नीट समजावून सांगत असे, तितका तो धडा तिच्या डोळ्यांसमोर पसरत जाई आणि फुली मारण्याच्या लायकीचा ठरे. शेवटी मी समजावणे कमी केले आणि दोन-दोन ओळींची उत्तरे सांगू लागलो. ती खूश झाली. "आता कसं, क्लाससारखं," ती म्हणाली.

एका रविवारी सेक्रेटरी फोटो काढायला आले. मुलीला त्यांनी फळ्याजवळ उभे केले, हातात खडू दिला आणि जिज्ञासा म्हणजे काय यावर थोडे बोलले.

"बेटा, मनात काही शंका असेल तर विचारायला लाजायचं नाही."

"अंकल, तो पंखा फास्ट होतो का?"

तो होत नव्हता. फोटो चांगला आला.

पाऊस लागला तशी मढहून वर्सोव्याला येणारी होडी बंद झाली आणि तिला मालाडवरून बसने वळसा घालून यावे लागे. ती उशिरा येई, कधी भिजून. आई तिच्याबरोबर सुके बोंबील पाठवी. ते घेणार नाही असे मी म्हटले, तर मुलीने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "परत नेलं तर ती मला मारेल, तुम्हाला नाय."

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटले, हे बघ, गुरुत्वाकर्षण आणि उष्णता तुला येतात. एकदा नुसती नजर टाक. तासाभराचे काम आहे.

तिचे उत्तर तयार होते. त्या तासात आणखी दोन नवीन धडे होतील. येत असलेल्या गोष्टीत वेळ घालवणे म्हणजे वेडेपणा. मी पुन्हा म्हटले, तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, मार्चला हेच करून गेले होते. तेव्हा नापास झाले ना?"

या वेळी उष्णतेचा धडा मीच मिटला.

पेपर झाल्यावर ती मला भेटायला आली नाही. निकाल लागला त्या आठवड्यात नौका पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. मी सकाळी बाजारात गेलो तर आईच्या शेजारी मुलगी बसली होती. मी काही विचारण्याआधी आईनेच सांगितले.

"गेला तिचा विषय. परत."

मुलीने प्रश्नपत्रिका घडी घालून जवळ ठेवली होती. मी ती उघडली. गुरुत्वाकर्षण होते, उष्णता होती. नळ्या का फुटतात ते तर मार्चमध्ये विचारले होते त्याच शब्दांत विचारले होते. पेपर काढणाऱ्या माणसाला आठवत नव्हते, किंवा आठवत असूनही त्याला काही वाटले नव्हते.

"हे लिहिलंस ना? नळ्यांचं?"

"नाय," ती म्हणाली. "वाचलं, तर वाटलं चुकून मार्चचाच पेपर दिला. मग म्हटलं, हे तर टाकलंय आपण. दुसरा प्रश्न घेतला."

"पण हे येत होतं तुला."

"येतंय अजून. पाण्याचं बर्फ होताना आकारमान वाढतं." तिने ते पुढ्यातल्या बर्फाकडे बघत, न अडखळता, पूर्ण म्हणून दाखवले. शेजारच्या कोळणीने "हुशार आहे गं पोर" म्हटले. आईने मुलीकडे पाहिले नाही.

मी पुढच्या मार्चच्या परीक्षेचे विचारले.

"बघू," मुलगी म्हणाली.

"काय बघू," आई म्हणाली. "संस्थावाल्यांचा फोन आला. जागा दिली दुसरीला. आता बघून काय करतीस?"

गिऱ्हाईक आले म्हणून मी बाजूला झालो. मुलीने कोलंबीचा वाटा पुढे ओढला. आईच्या तिप्पट वेगाने ती सोलते. सोललेल्या कोलंबीला भाव जास्त मिळतो.