जिभेसाठी गोंदियापर्यंत

सालेकसा स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभी होते तेव्हा खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली काचपट्ट्यांची डबी. नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या जिभेचा तुकडा काढून तपासला होता, त्या काचपट्ट्या. त्यांचं म्हणणं, कॅन्सर आहे, अर्धी जीभ काढावी लागेल. मी त्यांना तोंडावर सांगून आले होते की तुमच्याकडे कुणाचा तरी रिपोर्ट कुणाला लागला आहे, मी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांच्या वह्यांतल्या चुका काढल्या. एवढी मोठी चूक बरी सोडेन! गोंदियाला कुडव्याच्या बाजूला एका इस्पितळात दर शनिवारी बाहेरून एक डॉक्टरीणबाई येतात असं कळलं होतं. त्यांचं मत घ्यायला निघाले होते.

एकटीच निघाले. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा हैदराबादला. त्याला काहीच सांगितलं नव्हतं. चूक निघालीच तर उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की, सांगूनही तो "येतो" म्हणाला नसता तर ते मला सोसलं नसतं.

गाडीत खिडकी मिळाली. थंडीचे दिवस, बांध्या (धानाची खाचरं) कापून मोकळ्या झालेल्या, मधेमधे पुंजणे (कापलेल्या धानाच्या गंजी) रचलेले. समोर माझ्याच वयाची एक बाई होती, आमगावला लेकीकडे चाललेली. आमच्याकडे कुणी आडपडदा ठेवत नाही.

"कुठी जाऊन राहिली जी बाई?"

दवाखान्यात, म्हटलं.

"संगं कोण हाय?"

कुणी नाही म्हटल्यावर तिने पुढचा प्रश्न विचारलाच, "एकलीच? काऊन?"

मी खिडकीबाहेर पाहू लागले. तिला वाईट वाटलं असावं. कमरेच्या पिशवीतून तिने गुडाखूची (दातांना घासायचं काळं, ओलं मंजन) डबी काढली, स्वतः बोटावर घेतली आणि डबी माझ्यापुढे धरली. छत्तीसगडच्या सीमेवरच्या आमच्या गावांत सासवा-सुना एकाच डबीतली गुडाखू घासतात. मीही घेतली. जिभेच्या कडेची जखम जरा बधिर झाली, बरं वाटलं. तोंड मिटून दोघी गप्प बसलो, सख्ख्या बहिणींसारख्या. आमगाव आलं, ती उतरली, आणि समोरची जागा गोंदियापर्यंत रिकामीच राहिली.

गोंदियाला ऑटोवाल्याने हिंदीत तेच विचारलं, "अकेले ही हो, मॅडम?" मी मान हलवली. मग त्याने मला भलत्याच इस्पितळापुढे उतरवलं. ते बाळंतपणाचं निघालं. दारातल्या नर्सने विचारलं, "सुनेचं आहे की मुलीचं?" मी म्हटलं, "माझंच." ती खदखदून हसली, मलाही हसू आलं. मग तिनेच हात धरून रस्त्यापलीकडची गल्ली दाखवली. दिवसभरात माझा हात कुणी धरला असेल तर तिनेच.

खऱ्या इस्पितळात फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना, सोबतच्या व्यक्तीचं नाव. मी तो कोरा ठेवला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली की कोरा चालत नाही. मी मुलाचं नाव लिहिलं. कुठे आहेत ते, तिने विचारलं. बाहेर गेलाय, म्हटलं. हैदराबाद बाहेरच नाही का!

काचपट्ट्या तपासायला दोन तास लागणार होते. समोरच्या टपरीवर पोहे घेतले, तर्री (तिखट रस्सा) न घालता. तर्रीशिवाय पोहे मागणारी मी पहिलीच असावी, कारण टपरीवाला माझ्याकडे बघतच राहिला. तरीही मोहरी जखमेत शिरली आणि डोळ्यांत पाणी आलं. अर्धी प्लेट सोडून दिली. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. उगाच त्या घिरट्या मोजत बसले. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं जोडीजोडीने बसली होती, एक आजारी आणि एक त्याची पिशवी धरणारं. माझी पिशवी माझ्याच मांडीवर होती.

डॉक्टरीणबाई तरुण, मी शिकवलेल्या मुली आता असतील तेवढ्या. बॅटरी लावून त्यांनी तोंडात नीट पाहिलं. काचपट्ट्यांचा निकाल नागपूरसारखाच आहे, म्हणाल्या. मी लगेच माझं पालुपद लावलं, तंबाखू कधी खाल्ली नाही म्हणून. त्यांनी शांतपणे विचारलं,

"दात कशाने घासता?"

"गुडाखूने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"बाई, गुडाखूत तंबाखूच असते."

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. डबीवर लिहिलेलं असतं, चित्रही असतं. मी तो कागद काढून टाकायची. शाळेत मुलांना उभं करून तंबाखू न खाण्याची शपथ द्यायची आणि घरी येऊन डबी उघडायची. तंबाखू पुरुष खातात, पिचकाऱ्या मारतात. आपलं ते मंजन. एवढ्याच जोरावर मी नागपूरच्या डॉक्टरांशी भांडले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"बोलता येईल का मला?" मी विचारलं.

"येईल, पण अडखळत. काही अक्षरं परत यायची नाहीत. किती, ते आज नाही सांगता येणार. उशीर केलात तर सगळीच जीभ जाईल. याच आठवड्यात भरती व्हा. आणि कुणाला तरी सोबत आणा."

दुसरं मत घ्यायला गेले आणि पहिलंच घेऊन परतले. दुपारच्या गाडीत मला भीती वाटली. ओठांतल्या ओठांत अक्षरं म्हणून पाहिली. ट, ठ, ड, ळ. मग एकोणतीसचा पाढा म्हटला, मोठ्याने. कुणीतरी वळून पाहिलं. पाहू दे म्हटलं आणि तिसाचाही म्हटला.

सालेकसाला उतरले तेव्हा ऊन होतं. घरी जाऊन तरी कुणाशी बोलणार? तिथेच बाकावर बसून मुलाला फोन लावला. आमचा फोन म्हणजे जेवलास का, जेवले, ठेवते. आज मी सुटलेच. पुंजण्यांपासून सुरुवात केली, बाळंतपणाचं इस्पितळ सांगितलं, तिथल्या नर्सची नक्कल करून ऐकवली. तो हसला, मग थांबला.

"आई, आज एवढी काऊन बोलून राहिली तू?"

मग सांगितलं. कॅन्सर, गुडाखू, अर्धी जीभ. तो म्हणाला, "निघतो मी. आत्ताच निघतो."

"ये," मी म्हटलं. "पण फोन ठेवू नको. ऑपरेशन झालं की तू बोल, मी ऐकेन. आज मला बोलू दे."

त्याने फोन ठेवला नाही. मी बोलत राहिले.