जांभळीला टांगलेला फोन

सेवाकाळातील बरीच प्रकरणे आता स्मृतीत एकमेकांत मिसळून गेली आहेत. पोलादपूर ठाण्यात आलेली ही तक्रार मात्र आजही स्वच्छ आठवते. मी तेथे प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपून देवाच्या तसबिरीला फूल वाहत होतो, तोच डोंगरमाथ्यावरील एका वाडीतून बाप-लेक आले. बाप म्हशी राखणारा; मुलगी परिचारिकेचे शिक्षण पुरे केलेली.

मुलीला पुण्याच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली होती. रुजू होण्यापूर्वी चौकशीसाठी तिने फोन केला, तेव्हा कळले की तिच्याच ईमेलवरून नकार गेला आहे : 'लग्न ठरल्यामुळे मी ही नोकरी स्वीकारू शकत नाही.' तिने असे काही लिहिलेच नव्हते; उलट तिचा पासवर्डही आता चालत नव्हता. पोलिसांचे पत्र लवकर आले तर जागा राखू, अन्यथा दुसऱ्याला देऊ, असे रुग्णालयाने सांगितले होते.

"फोन कुठं असतो तुझा?" हवालदारांनी विचारले.

"जांभळीला," बाप म्हणाला.

वाडीत रेंज मिळे ती एका जांभळीपाशीच. लोक आपापले फोन कापडी पिशव्यांत घालून तिच्या फांद्यांना टांगत आणि कामाला जात. घंटी वाजली की जवळ असेल तो फोन घेई आणि ज्याचा असेल त्याला हाळी देई. म्हणून फोनला लॉक कोणी लावत नसे. लावणे म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखवणे.

हवालदार हसले. "काय गो, फोन झाडाला टांगायचा नि मेल चोरला म्हणून आमच्याकडं यायचं? घर उघडं टाकल्यावर कुत्रं शिरणारच!"

मुलीने मान खाली घातली. बाप पुटपुटला, "वाडीत पण सगळी हेच बोलतात साहेब. चूक पोरीचीच हाय."

"कुत्र्याला कळत नाही, हवालदार; माणसाला कळते," मी म्हणालो. "आधी फिर्याद लिहून घ्या."

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवला. रुग्णालयाला त्याच दिवशी पत्र पाठवले आणि सायबर कक्षामार्फत ईमेल कंपनीकडून माहिती मागवली. पासवर्ड रविवारी दुपारी बदलला गेला होता आणि त्यासाठीचा कोड मुलीच्याच फोनवर आला होता. फोनमध्ये मात्र तो संदेश नव्हता. कोणीतरी वाचून पुसला होता. ही गोष्ट मी मुलीलाही सांगितली नाही.

वाडीत गेलो. शेळ्या राखणारी एक म्हातारी माझ्याबरोबर चालू लागली आणि हळूच म्हणाली, "रविवारी पोरीचा नवरदेव आला होता, साहेब. शेळीसारखा जांभळीखाली वर तोंड करून उभा! स्वतःचा फोन हातात, नि तिच्या पिशवीत हात. मी बोलले, काय रे पाहुण्या, थंडीत जांभळं पिकली काय? तर तोंड लपवून गेला."

नवरदेव म्हणजे मुलीशी साखरपुडा झालेला तरुण, मुंबईत एका कचेरीत नोकरीला. त्याला ठाण्यात बोलावले, बसवले, चहा दिला. मनात खोट असलेला मनुष्य न विचारता दुसऱ्याचा दोष सांगू लागतो, हा माझा अनुभव. म्हणून मी त्याला बोलू दिले.

"मला पण वाईट वाटलं साहेब. पण तिची काय जबाबदारी नाय? फोनला लॉक नाय, काय नाय. कोड येतो, कोणीतरी डिलीट पण करतो, नि हिला पत्ता नाय!"

"डिलीट केला, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "लग्नानंतर पुण्याला राहणार म्हणत होती. मला विचारलं पण नाय. आणि साहेब, फोन उघडाच होता."

"फोन उघडा होता, मान्य. नकार कोणी लिहिला?"

"मी," तो म्हणाला.

पोलिसांपुढील कबुलीला न्यायालयात मोल नसते. म्हणून त्याचा फोन पंचनामा करून जप्त केला. तपासणीत मुलीचे खाते त्यावरून उघडल्याच्या खुणा मिळाल्या. दोषारोपपत्र गेले. रुग्णालयाने जागा राखली. साखरपुड्याची साडी आणि अंगठी बापाने स्वतः परत नेऊन दिली.

लहानपणी संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी आम्हाला प्रमाद आणि अपराध यांतील भेद समजावला होता. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. त्यावर उपाय शिकवणीचा. अपराधात बुद्धी असते. त्याला दंडच हवा. एकाचा प्रमाद तराजूत घालून दुसऱ्याचा अपराध हलका होत नाही, हे मला या प्रकरणात प्रत्यक्ष उमगले. सावधगिरीचे दोन शब्द अवश्य सांगावेत, परंतु फिर्याद लिहून झाल्यावर. तसे मी वाडीत सांगितलेही : लॉक लावला तरी आलेला फोन घेता येतो. म्हातारी कडाडली, "मग आधी कोणी बोललं कसं नाय ते!"

मुलगी पुण्याला निघाली त्या दिवशी मी एसटी स्थानकावर होतो. वाडीतला एक गृहस्थ बापाला म्हणाला, "पोरीनं फोन नीट ठेवला असता, तर लगीन मोडलं नसतं रे."

बाप तिची पेटी गाडीत चढवत होता. मागे न वळताच तो म्हणाला, "मोडलं ते बरं झालं. नवरा लग्नाआधी कळला."

मुलगी हसत गाडीत चढली.