कुशीवर वळायची खूण

कोरियातल्या मोक्पोच्या बंदराजवळच्या सार्वजनिक न्हाणीघरात माल्सुन एकवीस वर्षं बायकांची अंगं घासत आली होती. गिऱ्हाईक पलंगावर उताणं निजायचं, माल्सुन खरखरीत हातमोजा घालून मळाच्या सुरळ्या काढायची आणि एक बाजू झाली की मांडीवर दोन चापट्या मारायची. म्हणजे आता कुशीवर वळा. त्या वाफेत आणि नळांच्या गोंगाटात बोलून ऐकतंय कोण!

त्या चापट्यांवरून तिला माणूस कळायचं. बहुतेकजणी पेंगत वळायच्या. एखादी मात्र हात नुसता उचलला तरी आखडून जायची.

"हिनं लहानपणी मार खाल्लाय," माल्सुन गल्ल्यावरच्या ओक-जाला सांगायची. "पन्नाशीची झाली म्हणून काय, अंग विसरत नाही."

"तुला बरं कळतं गं सगळं!"

"मला नाही कळणार तर कोणाला?"

खरंच होतं ते. बाप बोटीवरून परतला की उंबऱ्याशी त्याच्या रबरी बुटांचा आवाज यायचा. आज सरपणाचं लाकूड की नुसता हात, हे सात वर्षांची माल्सुन त्या आवाजावरून ओळखायची. बाप मरून तीस वर्षं झाली, तरी कोणी भांडं आपटलं की तिची नजर आधी दाराकडे जायची. वर्षातून दोन-तीनदा ती भिंतीकडे तोंड करून जी पडायची, ती आठ-आठ दिवस उठायची नाही. अलीकडेच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं, "लहानपणी रोज मार चुकवायचा, म्हणून नसा सतत जागं राहायला शिकतात. पुढे धोका टळला तरी त्यांना ते कळत नाही. मग जागून जागून माणूस एक दिवस कोसळतो. तुम्ही आळशी नाही हो, आजारी आहात." माल्सुन तिथेच हमसून रडली. आळशी नाही, असं तिला आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.

एका गोष्टीचा मात्र तिला अभिमान होता. पोटच्या पोरीवर, हे-रिमवर, आपण कधी काठी उगारली नाही, असं ती छाती ठोकून सांगायची. ती हे-रिम आता सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपणाला आईला न बोलावता बाळंतिणींची देखभाल करणाऱ्या केंद्रात जाते म्हणत होती. माल्सुनच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. लेकीला बाळंतिणीला देतात ते समुद्रशेवाळाचं सूप करून घालायचं, नातवंडाला न्हाऊ घालायचं, याहून तिला आयुष्याकडून काही नको होतं. म्हणून लेक कितीतरी वर्षांनी न्हाणीघरात आली, तेव्हा आज हिला राजी करायचंच, असं तिनं ठरवलं.

पोटामुळे हे-रिम आधीच डाव्या कुशीवर निजली. माल्सुननं हलक्या हातानं तिची पाठ घासली. बाजू झाली, तसा सवयीनं हात उचलला.

हे-रिमचे दोन्ही हात झटकन तोंडावर गेले.

माल्सुनचं पित्त खवळलं. "कोण मारतं तुला? नवरा ना? हात तोडते मेल्याचे!"

"तै-ग्यू? अगं, तो साधा आवाजही चढवत नाही."

"मग कोण?"

हे-रिमनं तोंडावरचे हात काढले नाहीत. "तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस ना आई, तेव्हा भूक लागली की मी तुला हलवायचे. तेव्हा."

"मी? अगं, मी कधी काठी..."

"काठी नव्हतीच. हाच हात होता."

माल्सुनला काही म्हणजे काही आठवेना, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. जगाची अंगं वाचणाऱ्या या शहाणीला स्वतःच्या हाताचा पत्ता नव्हता. पोर खोटं बोलत नाही, एवढं मात्र तिला कळलं. अंग विसरत नाही, हे तीच तर सांगत आली होती.

तिनं हात पाठीमागे घेतला आणि तोंडानं विचारलं, "वळतेस का, बाळा?" हे-रिम वळली. माल्सुननं उरलेली बाजू घासली, पाणी ओतलं, टॉवेल दिला.

"सूप तरी करू ना?" कपडे घालणाऱ्या लेकीला तिनं विचारलं.

"कर की. तै-ग्यू येऊन घेऊन जाईल." हे-रिमनं पोटावर हात ठेवला. "तू येऊ नकोस, आई."