मिटलेल्या तोंडातलं ‘हे’

“नामपूरचाच असणार. दुसरं कोण?”

“सर, नक्की?”

“बायकोचा आवाज काढला ना आपण. राग निघणारच कुठेतरी.”

मी पॅन्ट्रीत डबा गरम करत होते. पार्टिशन प्लायचं आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. पहिला आवाज समीर सरांचा, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकांचा. दुसरा ओंकारचा, तो अॅनिमेशन बघतो. आणि नामपूरचा म्हणजे नितीनदादा, आमचे लेखक. मायक्रोवेव्ह वाजला तसे ते दोघं गप्प झाले. मी डबा घेऊन खाली मान घालून निघाले. मला बघून कोणी बोलायचं थांबत नाही एरवी.

आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. सातपूरला, एका इंजिनिअरिंग वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ चालू असताना रेकॉर्डिंग होत नाही, म्हणून आवाजाची कामं त्यांच्या सुट्टीच्या दिवशी करतो. माझं पद कम्युनिटी मॅनेजर. गेम येण्याआधी लोक त्याबद्दल इंटरनेटवर काय लिहितात ते वाचायचं, कंपनीच्या नावाने उत्तरं द्यायची आणि टीमला रिपोर्ट द्यायचा. दिवसभर हजारो अनोळखी लोकांशी बोलते, पण टाइप करून. प्रत्यक्ष मीटिंगमध्ये माझं ठरलेलं वाक्य एकच: “नो, ऑल गुड.”

आमचा सगळ्यात मोठा गेम म्हणजे ‘चोरवाट’. बागलाणच्या डोंगरातला एक किल्ला, त्याला वेढा पडलेला, आणि आत-बाहेर करायची एक गुप्त वाट फक्त रखमा नावाच्या बाईला माहीत. पहिल्या ट्रेलरच्या शेवटी रखमा मशाल खाली धरते आणि म्हणते, “वाट आठेच शे.” म्हणजे वाट इथेच आहे. अहिराणीत. बस, एवढंच.

त्या एका वाक्यावर लोक वेडे झाले. सटाणा, मालेगाव, धुळे, जळगाव, कुठून कुठून कमेंट यायला लागल्या. “आमनी भाषा गेममा!” चांदवडच्या एका कांदेवाल्याने पिकअपच्या मागे ते वाक्य रंगवून घेतलं आणि फोटो पाठवला. कोणी पत्ता विचारला तरी उत्तर तेच, “वाट आठेच शे.” इतकी वाट पाहणारी माणसं मी आधी कधी पाहिली नव्हती. आणि मला मनातून भीती वाटत होती, कारण मला पुढचं माहीत होतं.

तो आवाज मनीषावहिनींचा होता, नितीनदादांच्या बायकोचा. त्या स्टुडिओत स्क्रॅच द्यायला आल्या होत्या. स्क्रॅच म्हणजे कच्चा आवाज. खरा कलाकार येईपर्यंत अॅनिमेशनवाल्यांना अंदाज यावा म्हणून कोणीतरी वाक्यं बोलून ठेवतं. रखमाचे ओठ त्याच आवाजावर हलवले गेले. मग मुंबईच्या पब्लिशरने, म्हणजे गेमला पैसे लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीने, काही लोकांना गेम खेळायला दिला. त्यांना अहिराणी कळली नाही. निर्णय झाला: रखमा प्रमाण मराठीत बोलेल, आणि मालिकांमधली एक ओळखीची अभिनेत्री तिला आवाज देईल.

“ओठांचं काय?” ओंकारने तेव्हा विचारलं होतं.

“किती फरक पडतो? ‘आठेच शे’ नि ‘इथेच आहे’. जवळपास सेम,” समीर सर म्हणाले.

“दाढीमिशा असत्या तर लपलं असतं, सर. बाई आहे.”

सगळे हसले. ओठ तसेच राहिले.

लोकांना मात्र हे सांगायचं नव्हतं. अहिराणीबद्दल विचारलं की “स्टे ट्यून्ड” लिहायचं, असा मला आदेश होता.

पुढे समीक्षकांना रिव्ह्यू कॉपी गेल्या. रिव्ह्यू कॉपी म्हणजे रिलीजच्या आधी दिलेला पूर्ण गेम. त्यावर एम्बार्गो असतो, म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत त्यांनी एक शब्दही छापायचा नाही. हा काळ फार वाईट. परीक्षेचे पेपर तपासून झालेत, पण निकाल लागायचाय, तसं. त्याच आठवड्यात पब्लिशरने एक छोटी क्लिप टाकली. पावसाळी रात्र, ढोल, गोंगाट, आणि त्यात रखमाचं तेच वाक्य, नव्या आवाजात. या क्लिपपुरतं मराठी केलं असेल, असं लोक समजतील, असा सगळ्यांचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी एक कमेंट आली. “अहिराणी शेवटच्या क्षणी काढली आहे. आधी होती. मुद्दाम लपवतायत.” तिचा स्क्रीनशॉट फिरत फिरत पब्लिशरकडे गेला. ‘शेवटच्या क्षणी’ हे बाहेरच्या माणसाला कसं कळलं? म्हणजे आतून कोणीतरी फोडलं. पब्लिशरला नाव हवं होतं.

आणि पॅन्ट्रीत मी जे ऐकलं ते नाव.

मी जागेवर आले तेव्हा नितीनदादांचं लॉगिन बंद झालेलं होतं. ते स्क्रीनसमोर बसून चहा पीत होते.

“काय ऋचाताई, माझा कॉम्प्युटर संपावर गेलाय.”

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

“सर म्हणे दोन दिवस घरी आराम करा. क्रेडिटमधलं नाव पण ‘बघू’ म्हणे. अहो, त्या गेमचं एक एक वाक्य माझं आहे. मी कशाला माझ्याच घराला काडी लावू?” मग हसले. “मनीषाला सांगितलं नाही अजून. ती शाळेतल्या सगळ्या बायांना सांगून बसलीय, गेममध्ये माझा आवाज येणार म्हणून. आवाज गेला तेच सांगायचंय अजून. आता नोकरीचं पण.”

मी मूळ कमेंट शोधली. स्क्रीनशॉटमध्ये फक्त वरच्या तीन ओळी होत्या, मराठीतल्या. खाली त्याच माणसाने आणखी लिहिलं होतं, अहिराणीत. आमच्या टूलने त्याचं इंग्रजी भाषांतर करून ‘असंबद्ध मजकूर’ असा शिक्का मारला होता. म्हणून ते कोणी वाचलंच नव्हतं.

मला वाचता येत होतं. माझी आई सटाण्याकडची. मामाचा फोन आला की ती अहिराणीत बोलते, आणि मी लहानपणापासून ते ऐकते. पण आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं तरी बाई डोळे वटारायच्या, अहिराणी तर मी मैत्रिणींसमोर कधी कळूही दिली नाही. ऑफिसातही नाही. अहिराणी काढायचं ठरलं तेव्हा ती कोणाकोणाला कळते हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही हात वर केला नव्हता.

त्या माणसाने लिहिलं होतं: “तोंड मिटी गयं, मंग ‘हे’ कथाईन उनं?” तोंड तर मिटलं, मग ‘हे’ आलं कुठून?

मी दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावल्या आणि आवाज बंद करून अगदी हळू चालवल्या. ओठ तेच. शेवटी ‘शे’साठी तोंड एकदा उघडतं आणि मिटतं. नव्या आवाजात त्या उघड्या तोंडात ‘आ’ बसतो. ‘हे’ येतो तेव्हा रखमाचं तोंड घट्ट बंद. ओठ आधी दुसऱ्या शब्दावर हलवले होते आणि आवाज मागाहून चिकटवला होता, हे सांगायला आतला माणूस लागतच नव्हता. ‘शे’ घरात ऐकलेला कोणीही चालला असता.

मी लॅपटॉप घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा स्वतः ओठ हलवून बघितले.

“च्यायला,” ते म्हणाले. मग उठून केबिनचं दार लावलं.

“सर, मग नितीनदादांचं...”

“ऋचा, नीट ऐक. लीक झालं असेल तर ती एका माणसाची बदमाशी. हे असेल तर ती स्टुडिओची चूक. पब्लिशर पुढच्या गेमला हात लावणार नाही. वीस-बावीस लोकांचे पगार आहेत इथे.”

“पण त्यांनी काही केलंच नाही.”

“मी त्याला दुसरीकडे चिकटवून देईन. माझ्या ओळखी आहेत. तू स्टेटमेंट ड्राफ्ट कर. ‘अंतर्गत माहिती फुटल्याचे आढळले आहे’, असं काहीतरी. तुझं लिहिणं छान असतं.”

ते वाईट माणूस नाहीत. हे मला तेव्हाही वाटलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. एम्बार्गो उठल्यावर जवळजवळ प्रत्येक समीक्षकाने रखमाच्या तोंडाबद्दल लिहिलं. एकाने तर मथळाच केला. लोकांनी त्या ‘हे’चे विनोद केले, मिटल्या तोंडाची माणसं, बैल, देवळातल्या मूर्ती, सगळ्यांच्या तोंडी ‘हे’. विनोद संपल्यावर राग आला, आणि राग ओसरल्यावर ते निघून गेले. हे शेवटचं सगळ्यात वाईट. चांदवडच्या पिकअपचा नवा फोटो आला, मागे नुसता निळा रंग मारलेला. पब्लिशरने पुढचा गेम आम्हाला दिला नाही. निम्मी टीम गेली, तीत ओंकारही होता. नितीनदादांचं नाव क्रेडिटमध्ये राहिलं, पण ते स्वतः थांबले नाहीत. सर माझ्याशी आता फक्त ईमेलवर बोलतात.

या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. चाहते ट्रेलर बघत नाहीत, तपासतात. ज्यांची भाषा आपण एकदा दाखवून काढून घेतो, ते तर जास्तच.

स्टेटमेंट मी ड्राफ्ट केलं नाही. केबिनमधलं ते बोलणं झालं त्याच संध्याकाळी पब्लिशरचा कॉल होता. मुंबईहून तन्वी मॅडम. सरांनी नितीनदादांचं नाव सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, “ओके. सॅड, बट क्लीन.” मग नेहमीप्रमाणे शेवटी विचारलं, “कम्युनिटीकडून काही?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अनम्यूट केलं. स्क्रीनवरची कमेंट जशीच्या तशी वाचायला लागले. खालची शेवटची ओळसुद्धा: “आमले कोनी सांगं नही. रखमानं तोंडच सांगी ऱ्हायनं.” आम्हाला कोणी सांगितलं नाही, रखमाचं तोंडच सांगतंय.

मॅडम म्हणाल्या, “सॉरी, काय? मला काहीच कळलं नाही.”

“तेच तर, मॅडम,” मी म्हणाले. “तुम्हाला कळलं नाही, म्हणून नितीनदादा घरी चाललेत.”