मेंदूतला एक थेंब

स्पिरिटचा वास आला की पुण्यातली आमची प्रयोगशाळा आठवते. उंदराच्या मेंदूत एका पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या छोट्याशा तुकड्याचा, थेंब सोडला की भीतीविनाच त्याच्या रक्तात ताणाचं हार्मोन वाढतं का, हे मी तपासत होते. दोनदा फसले, नुसतं पाणी दिलेले उंदीरसुद्धा माझ्या हाताला घाबरायचे आणि त्यांचंही हार्मोन वाढायचं. आयटीत लागलेल्या दादाने "सोड हे उंदीर" म्हणत कॉम्प्युटर क्लासचा फॉर्मच आणून ठेवला. मग पंधरा दिवस मी रोज एकेक उंदीर हातात घेऊन नुसती बसले. तिसऱ्यांदा पाणीवाले शांत आणि पेप्टाइडवाल्यांचं हार्मोन चढलेलं! मी किंचाळलेच. गाइड मॅडम म्हणाल्या, "हळू, नाहीतर तुझंच रक्त तपासावं लागेल." तो फॉर्म मी पिंजऱ्यात उंदरांखाली अंथरला. परवा त्याच दादाने रात्री उशिरा, कामाच्या ताणाने वैतागून ऑफिसातून फोन करून विचारलं, "त्या थेंबावर उतारा सापडला का गं?"