पाहुणे खोली बघायला येणार होते

आमच्या या कानडी शहरात पीण्या नावाचा कारखान्यांचा भाग आहे; तिथल्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्यांशी ओळख वाढवायला आमचा गट रविवारी सकाळी जातो. शेजारी बसायचं, बोलायचं, एवढंच काम. मला मराठी येतं म्हणून निपाणीकडचे एक गृहस्थ माझ्या वाट्याला आले. ते एका छोट्या कारखान्यात लेथवर होते आणि तिथंच झोपायचे. कारखाना बंद पडला तेव्हा पगार आणि अंथरूण दोन्ही एकदमच गेलं. आता दिवसा हमाली करतात. गावी बायकोला आणि मुलीला मात्र सांगितलंय की खोली घेतली आहे.

गेल्या महिन्यात ते म्हणाले, मुलीला स्थळ आलंय. मुलगा शहराबाहेर आनेकलला कंपनीत आहे. त्याचे काकाही तिथंच असतात, आणि बोलणी करायला गावी जाण्याआधी ते मुलीच्या बापाकडे चहाला येणार आहेत. चहाला म्हणजे घर बघायला, ही आपली रीतच आहे.

"अण्णा, एक दुपार तुमच्याकडे बसू द्या. वरच्या खोलीत भाड्यानं आहे म्हणून सांगतो."

मी नाही म्हणालो. हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं. एक आकडा खोटा घातला की पुढची सगळी पानं बिघडतात. उद्या लग्नानंतर हे कळलं तर भोगणार कोण? मुलगीच. त्यांनी वाद घातला नाही. "आणि आज कळलं तर?" एवढंच विचारलं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बोलवा त्यांना. पोहे मी करते. कुणी काही विचारलं तर तुम्ही आहातच, हरिश्चंद्राचे अवतार."

मग मी त्यांना सांगितलं की पाहुण्यांना खुशाल आमच्याकडे बोलवा, पण मला विचारलं तर मी खरं तेच सांगेन. ते कानडीत "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

त्या रविवारी ते लवकर आले, आमच्या मागच्या अंगणातल्या नळावर आंघोळ केली, माझा सदरा घातला. मुलाचे काका आले, ते मोकळ्या स्वभावाचे निघाले. ऊस, कारखाने, गावाकडची माणसं, सगळ्यावर रंगून बोलले. खाणं झाल्यावर काकांना हात धुवायचे होते. गृहस्थ वाट दाखवायला घाईनं उठले आणि त्यांनी मोरीचं समजून देवघराचं दार उघडलं.

काका परत येऊन बसले. मला म्हणाले, "हे इथंच राहतात ना?"

"नाही," मी म्हणालो. "पण मी यांना चांगला ओळखतो. कष्टाळू माणूस आहे."

"मग राहतात कुठं?"

मी तोंड उघडण्याआधी गृहस्थच म्हणाले, "पुलाखाली."

काकांनी चहा संपवला, माझ्या बायकोला नमस्कार केला आणि "कळवतो" म्हणून निघाले. स्थळाच्या बोलण्यात कळवतो म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही.

पुढच्या रविवारी मी पुलाखाली गेलो. मी नकोच म्हणालो असतो तर बरं झालं असतं का, हे मला विचारायचं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाहून बायको होती. त्यांनी तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. फोन त्यांनी माझ्यापुढे धरला.

"अण्णा, तुम्हीच बोला."

मी फोन कानाला लावला. पलीकडून त्या बाई विचारत होत्या, घर बघून पाहुणे काय म्हणाले.