किसन कोण?

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्यालाच तर नाही. तुम्हाला सांगते — जीभ अडखळली तरी सांगते.

घाटंजीत डोळ्यांचं शिबिर होतं. सासूबाईंना — आम्ही बंजारा तांड्यातले, आईला याडी म्हणतो — धूसर दिसायचं म्हणून नेलं. नर्सबाई म्हणाली, "माय, हलू नको वो, फोटो काढून राह्यले." डोळ्याच्या आतला फोटो. कापसाच्या पानामागे दिसतात तशा शिरा. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. यावरून विसरण्याच्या आजाराचीही शंका येते, म्हणाले. पण नुसत्या फोटोवर काही ठरत नाही, थोडं विचारून बघू.

घरी लहान कोण आहे, त्यांनी याडीला विचारलं. याडी घाबरली की तिची मराठी पळते. आमच्या गोरबोलीत भडाभडा बोलली — किसन दूध पीत नाही, किसनला पाळण्यात टाकून आले.

"किसन कोण?" डॉक्टरांनी मला विचारलं.

किसन माझा नवरा. तिशी ओलांडलेला, एसटीत कंडक्टर. पाळण्यातली ती आमची मुलगी. याडीच्या डोक्यातली मधली सगळी वर्षं गळाली होती — मला कळलं नाही? लख्ख कळलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही आमची रीत. पण नाव कुणाला हवं होतं? 'माझे मालक' एवढं पुरलं असतं. मी म्हणाले, "नातीचं लाडाचं नाव आहे."

का? माझी नोकरी नुकती लागली होती. मुलीला याडीच सांभाळायची. बस, एवढंच. डॉक्टर म्हणाले, उत्तर ठीक आहे, तरी मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी मान डोलावली. दाखवलं नाही.

मग एका दुपारी याडी किसनला शोधायला निघाली. गॅसवर दूध ठेवून, बाहेरून कडी लावून. आत मुलगी. शेजारणीनं धूर पाहिला म्हणून — म्हणून मुलगी आहे.

नवरा याडीवर असा ओरडला की तांडा गोळा झाला. ती मान खाली घालून उभी. मी मुलीला छातीशी धरलं. मग तो माझ्याकडे वळला — तुला कधी काहीच जाणवलं नाही? नाही, म्हणाले मी.

आता मुलीला तिच्याजवळ एकटं सोडत नाही. याडी ओसरीत बसून असते. माझंही नाव विसरली. पण कोणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं सांगते — हिनं माझे डोळे दाखवून आणले.